पहिला डोस

"पहिला डोस टाकून द्यायचा हं, पोरी. पोटात घालायचा नाही," म्हातारा म्हणाला आणि मी मान हलवली. रस्ता न विचारताच पत्ता समजावून सांगणाऱ्या माणसापुढे हलवतो तशी. म्हणजे ऐकलं, आभारी आहे, आता निघू द्या.

कॉफी दळायचं जुनं यंत्र घेणाऱ्याला हे सगळेच सांगतात. आत शिळी पूड अडकलेली असते, पहिलं माप कचऱ्यात टाका. इंटरनेटवर हेच लिहिलेलं असतं. त्यामुळे यात ऐकण्यासारखं काही आहे, असं मला वाटलं नाही.

घरात माझं टोपणनाव दुर्बीण आहे. नवऱ्यानं ठेवलंय. ठकी जन्मल्यापासून मी तिचा श्वास बघते, तिच्या अंगावरचा प्रत्येक लाल ठिपका बघते, पंख्याचा हुक बघते, दाराची फट बघते. सासूबाई म्हणतात, "हिला देवानं पापण्या मिटायला दिल्याच नाहीत." झोपेचं तर खोबरंच झालं होतं. तर सगळं बघणाऱ्या ह्या दुर्बिणीला त्या दिवशी समोरचा माणूस दिसला नाही.

यंत्र मला हवं होतं, दुसऱ्या कुणाला नाही. मी प्रयोगशाळेत नोकरी करायचे तेव्हा खालच्या कॉफीवाल्याकडे असंच एक होतं. दांडा ओढला की खट् आवाज यायचा आणि कपापुरती पूड खाली पडायची. बाळंतपणात नोकरी सुटली. कानात तो खट् तेवढा राहिला. नवरा म्हणाला, "पूड तयार मिळते की." सासूबाई म्हणाल्या, "अंगावर पाजतेस आणि कॉफी ढोसणार?" दोघांचं ऐकून घेतलं आणि जाहिरातीतल्या नंबरवर फोन केला.

ते घर म्हणजे एका बंद दुकानाच्या मागच्या खोल्या. शटरवर कपाचं चित्र, रंग उडालेला, कान तेवढा शाबूत. विकणारा माणूस मनगटात चिकटपट्टीची रीळ बांगडीसारखी घालून दार उघडायला आला. घरभर त्यानं चिकटपट्टी मारून ठेवली होती: वायरींवर, खिडकीच्या तावदानावर, दाराच्या बेलवरसुद्धा. मनातल्या मनात मी त्याचं नाव चिकटपट्टी ठेवून टाकलं. ठकी माझ्या छातीशी झोळीत झोपलेली होती.

"चालू आहे ना?" मी विचारलं.

"मोटर एकदम टकाटक. डोसर तेवढा नखरे करतो. कधी अर्धं माप टाकतो, कधी तेही नाही. मिस्टरांना सांगा, करतील ते."

"मीच करणार आहे."

त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग ठकीकडे. "करा की. हल्ली बायका विमानंही उडवतात."

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. दळलेली पूड थेट कपात पडत नाही, आधी पुढच्या एका गोल डब्यात पडते. तो डोसर. त्यात चांदणीसारखं एक चाक असतं, चाकाच्या पाकळ्यांनी डब्याची घरं पाडलेली असतात. दांडा एकदा ओढला की चाक एक घर पुढे सरकतं आणि त्या घरातली पूड तळाच्या भोकातून खाली येते. डब्याला वरून झाकण असतं, नुसतं उचलायचं.

त्या झाकणावर म्हाताऱ्याचा पंजा होता. तो यंत्राच्या शेजारीच खुर्ची लावून बसला होता, शाळेच्या गेटवर नातवाला घ्यायला आलेल्या माणसासारखा, टेकून आणि तरी तयारीत.

"नखरे करत नाही तो," म्हातारा म्हणाला. "पोट भरलंय त्याचं. माणसाचं पोट भरलं की नको म्हणता येतं. ह्याला तोंड नाही, मग अडून बसतो."

"बाबा."

"राहू दे ना रे ते इथंच. खायला मागतंय का?"

"तुम्ही मागता तेवढं पुरे आहे." चिकटपट्टीनं मला खूण केली, डोक्याकडे बोट नेऊन. "दुकान ह्यांचं होतं. यंत्रापासून हलत नाहीत. दिवसभर तिथंच, रात्री घरभर फेऱ्या. आम्ही माणसं आहोत का नाही?"

मग त्यानं बापाची बोटं झाकणावरून एकेक करून उचलली, काचेवरचा जुना कागद सोडवतात तशी. मी यंत्र उचलून दाराशी गेले तेव्हा मागून ते वाक्य आलं, पहिल्या डोसचं. आवाज अगदी स्वच्छ होता, डोळेही. डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाचे डोळे मला माहीत आहेत. हे ते नव्हते. पण यंत्र जड होतं, ठकी चुळबुळ करत होती, रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी मान हलवली.

घरी आणून पुसलं, बिया टाकल्या, दळल्या. दुपार होती, सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या. दांडा ओढला. तो अर्ध्यातच अडला आणि चिमूटभर पूड पडली. ती टाकायला मी सिंककडे वळले.

"हे काय? टाकतेस? आणलंस कशाला मग?"

"आई, पहिलं माप टाकायचं असतं."

"हो का? आमच्या काळात पहिला घास काढून ठेवायचे, फेकायचे नाहीत."

आमच्या घरात डोस पाजायला यंत्राची गरज नव्हतीच. त्यांच्याशी हुज्जत घालायला तेव्हा अंगात बळ नव्हतं. मी पूड परत कपात घेतली. एका मापानं काही होईना म्हणून दांडा पुन्हा पुन्हा ओढत राहिले. अर्धं पडतंय ना, मग दोनदा ओढा. तरी कमी? आणखी ओढा. कपापुरती पूड जमली तेव्हा हात दुखत होता. कॉफी कडू झाली. कॉफीच्या कडूखाली दुसरं एक कडू होतं, खडूसारखं. पाणी जड असेल, असं मी स्वतःला सांगितलं. आणि सासूबाई बघत होत्या म्हणून तळापर्यंत प्याले.

पुढचं मला आठवत नाही. म्हणजे ठकीला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसले ते आठवतं. त्यानंतर एकदम सासूबाईंचा आवाज: "अगं ए! अगं, मेली का जिवंत आहे ही!"

ठकी त्यांच्या कडेवर होती, कपाळावर टेंगूळ, रडून रडून आवाज बसलेला. ती माझ्या मांडीवरून घरंगळून फरशीवर गेली होती आणि मला पत्ता नव्हता. शेजारच्या खोलीत कुणी कूस बदलली तरी उठणारी मी. जीभ टाळ्याला चिकटलेली. उठायला गेले तर भिंत सरकली.

"कॉफी पिऊन झोपणारी बाई मी जन्मात पहिल्यांदा बघितली," सासूबाई म्हणाल्या. त्या दिवसापासून ठकी त्यांच्या मांडीवर मुक्कामाला गेली. पाजायला माझ्याकडे यायची, पाजून झाली की परत. एखादं भांडं वापरायला द्यावं आणि घासून परत न्यावं तसं.

नवरा संध्याकाळी म्हणाला, "तू थकली आहेस." हे वाक्य तो प्रेमानं म्हणाला. पण प्रेमानं म्हटलेली वाक्यं घरात पुढे कुणाकुणाच्या हातात जातात, हे त्याला कळत नाही.

ठकी त्यांच्याकडे म्हटल्यावर माझे हात रिकामे झाले. रिकाम्या हातांनी मी काय केलं असतं ते मला माहीत नाही. यंत्र समोर होतं. बाल्कनीत जुनी चादर पसरली आणि ते खोलायला घेतलं.

आधी वाटलं, दोष खटक्यात आहे. दांडा ओढला की एक छोटा खटका चाकाच्या दातात अडकतो आणि चाकाला पुढे ढकलतो. त्या खटक्याची स्प्रिंग दमली होती. पेनातली स्प्रिंग लावून पाहिली, कामाची नव्हती. मग दोरीवरचा कपड्यांचा चिमटा सोडवला. त्याची पिळाची स्प्रिंग बेतून वाकवली आणि बसवली. चोख बसली.

"माझा चिमटा!" आतून आवाज आला. "ए, ही चिमटे मोडतेय बघ! उद्या पलंग खोलेल."

खटका आता घसरत नव्हता. तरी दांडा अर्ध्यातच अडायचा. म्हणजे रोग दुसरीकडे होता. चाकाच्या मधोमध एक नट असतो, त्यानं माप कमी-जास्त करतात. तो सैल करायला गेले तर आणखी घट्ट. मग डोक्यात उजेड पडला: आटे उलटे आहेत. उजवीकडे फिरवला तसा सुटला. मी चांदणी दोन्ही हातांनी धरली आणि वर ओढली.

चाकाखाली लगदा होता. तपकिरी, तेलकट, कॉफीच्या पुडीचा असावा तसा. पण चमच्यानं खरवडला तर आतून पांढरा निघाला. ठकीच्या बाटलीच्या ब्रशनं हळूहळू मोकळा केला. त्यातून गोळ्या निघाल्या. काही अर्ध्या विरघळलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या, चोखून थुंकल्यासारख्या. काही नुसत्या कडा झिजलेल्या, मधली रेघ आणि तिच्या बाजूची बारीक अक्षरं वाचता येतील अशा. सगळ्या एकाच जातीच्या. पाकळ्यांच्या दर घराखाली होत्या. चाक फिरणार कुठून?

पोट भरलंय त्याचं.

मी चादरीवर बसून राहिले. म्हातारा झाकणावर पंजा ठेवून का बसायचा ते कळलं. गोळी तोंडात घ्यायची, पाणी प्यायचं, समोरचा माणूस वळला की झाकण उचलायचं. त्याचं सगळ्यात जवळचं, कुणी न उघडणारं भांडं तेच होतं. पोराच्या देखत त्याला यापेक्षा उघड सांगता येत नव्हतं. त्यानं सांगितलं होतं. मी ते कपभर प्याले.

आणि ते भांडं आता माझ्या बाल्कनीत होतं.

आधी मी काम पुरं केलं. हे विचित्र वाटेल, पण हात थांबले असते तर मी रडले असते आणि आतून कुणीतरी ऐकलं असतं. डबा धुतला, वाळवला, चाक बसवलं, नट उलट्या आट्यांवर आवळला. दांडा ओढला. खट्. मोकळा, पुरा, सरळ. मग रेघवाल्या गोळ्या कागदात बांधून केमिस्टकडे गेले.

आमचा केमिस्ट नाक्यावरचा. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्याच्याकडूनच येतात. त्यानं कागद उघडला, चष्मा कपाळावर चढवला, परत उतरवला.

"झोपेच्या आहेत. चांगल्या जड. रात्री एक, तीसुद्धा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. एवढ्या कुठून जमवल्या?"

"एका ओळखीच्यांच्या आहेत."

"ओळखीच्यांच्याच असतात, ताई. सगळ्यांच्या." त्यानं कागद माझ्याकडे परत दिला नाही. काउंटरखाली ठेवला. "तान्हं आहे ना तुम्हाला?"

"हो. का?"

"काही नाही. तुम्ही घरी जा. थेट घरी जा हं."

मी घरी पोचायच्या आत फोन पोचला होता. नवरा ऑफिसातून निघून आला होता आणि दिवाणखान्यात उभा होता. उभाच. सासूबाई ठकीला घेऊन आतल्या दारात.

"कुठून आणल्यास त्या गोळ्या?"

"ग्राइंडरमधून."

मग सासूबाई हसल्या. "ग्राइंडरमधून! उद्या पंख्यातून पडल्या म्हणेल."

"खरंच सांगतेय. डोसरमध्ये होत्या. त्या आजोबांनी लपवल्या होत्या, त्यांचा मुलगा त्यांना..."

"दाखव," नवरा म्हणाला.

काय दाखवणार? डोसर मी लख्ख केला होता. लगदा सिंकमधून गेला होता. त्यानं दांडा ओढून पाहिला. खट्. झाकण उचलून आत पाहिलं. बाटलीच्या ब्रशनं धुतलेलं पितळ कसं चमकतं ते तुम्हाला माहीत असेल.

"मला एक सांग," तो आवाज खाली आणून म्हणाला. "परवा तू झोपलीस, ठकी पडली. ते ह्या गोळ्यांमुळे?"

"हो! तेच तर मी सांगतेय!"

"हो" म्हटलं आणि तिथंच फसले. त्यांच्या तोंडांवरून कळलं. मी उलगडा करत होते. त्यांना कबुली ऐकू आली. सासूबाईंनी ठकीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. माझ्यापासून लांबच्या.

"मी तेव्हाच म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "बाळंतपण कुणाकुणाच्या डोक्यात जातं. आपण म्हणायचं, शिकलेली आहे, समजूतदार आहे. शिकलेल्यांनाच वासानं गोळ्या सापडतात."

"आई, प्लीज," नवरा म्हणाला. पण माझ्याकडे बघून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला आणि सासूबाई ठकीला आंघोळ घालायला आत गेल्या. तेव्हा मी यंत्र बाबागाडीत घातलं आणि बाहेर पडले. ठकीच्या पट्ट्यानं त्याला बांधलं, वरून तिचंच दुपटं टाकलं, नाहीतर उतारावर घसरलं असतं. वाटेत एका बाईनं कौतुकानं आत डोकावून पाहिलं आणि तोंड मिटून निघून गेली.

मनात योजना साधी होती. यंत्र बिघडलेलंच आहे म्हणायचं, परत घ्या म्हणायचं. पैसे नकोत. ते होतं तिथं टेबलावर राहू दे, एवढंच. मग काय करायचं ते सावकाश बघू. म्हाताऱ्याला त्याचं भांडं परत मिळू दे.

बेलवर पट्टी होती, म्हणून दार ठोकलं. चिकटपट्टीनं उघडलं. मनगटात रीळ.

"विकलेला माल परत घेत नाही."

"फुकट ठेवा. मला नको आहे."

"आम्हाला तरी कशाला? त्या जागी आता बाबांची कॉट टाकायचीय. हलवा गाडी, दारात नको."

त्याच्या खांद्यावरून मला आत दिसत होतं. टेबल तिथंच होतं, त्यावर यंत्राच्या बुडाचा तेलकट गोल. खुर्चीही तिथंच. खुर्चीत म्हातारा होता, पण बसलेला नव्हता, ठेवलेला होता. हनुवटी छातीवर, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ, बंडीवर तिचा ओला डाग. मला "पोरी" म्हणणारा, यंत्राच्या पोटावर विनोद करणारा माणूस तो हाच. उजवा हात टेबलावर होता. बोटं त्या गोलाच्या कडेनं हळूहळू फिरत होती, अंधारात बटण शोधावं तशी.

"आजोबा," मी हाक मारली. मान वर आली नाही.

"झोपू द्या त्यांना. दुपारची गोळी झालीय."

"दुपारची? ती गोळी रात्री एकच असते ना?"

तो माझ्याकडे नीट बघायला लागला. "तुम्हाला काय माहीत कुठली गोळी?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. तोंडाला पट्टी मारायची वेळ माझी होती.

"रात्री एक द्यायचो," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज विकणाऱ्याचा नव्हता, जागरणं झालेल्या माणसाचा होता. "कसलीच मात्रा चालत नव्हती त्यांच्यावर. रात्रभर फेऱ्या, गॅस उघडा, एकदा रस्त्यावर सापडले. डॉक्टरांना फोन करून सांगितलं, लागू पडत नाही. त्यांनी वाढवली. तरी नाही. मग सकाळी अर्धी, दुपारी एक. आता कुठे लागू पडायला लागलीय. हे यंत्र गेल्यापासून घरात शांतता आहे. अपशकुनी होतं मेलं."

अर्धं पडतंय म्हणून मी दांडा पुन्हा पुन्हा ओढला होता. ह्यानं तेच केलं होतं. लागू पडत नाही म्हणून वाढवत गेला, कारण गोळी पोटात जातच नव्हती, डब्यात जात होती. मग मी डबाच उचलून नेला. आता तो वाढवलेला सगळा डोस त्या वाळक्या पोटात जात होता.

"ते गोळ्या घेतच नव्हते!" मी म्हणाले. "डोसरमध्ये टाकत होते! मी खोललं, सगळ्या आत होत्या. म्हणून लागू पडत नव्हत्या. आता एकदम एवढ्या जाताहेत, तुम्हाला कळतंय का? आजच डॉक्टरांना विचारा, कमी करा!"

त्याचा चेहरा एकदा हलला. मला वाटलं, कळलं. कळलंही असेल. पण कळण्याच्या आधी त्याला दुसरंच काही पोचलं. तो आत वळला.

"म्हणजे मला बनवत होतात? रात्र रात्र मी तुमच्यामागे फिरतोय, आणि तुम्ही गोळ्या थुंकून मला बनवत होतात?" म्हाताऱ्याची बोटं टेबलावर थांबली. "आजपासून तोंड उघडून बघत जाईन. जीभ वर करून. लहान पोरांसारखं."

"अहो, तसं नाही, मी काय सांगतेय..."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही, पण मी..."

"नातेवाईक?"

"नाही."

"मग निघा. म्हातारं माणूस सांभाळलंय कधी? न्या घरी, सांभाळून दाखवा चार दिवस. नाही ना? तान्हं घरी टाकून दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायला येतात." त्यानं बाबागाडीवरचं दुपटं उचललं, खालचं यंत्र पाहिलं आणि परत माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या मिस्टरांचा नंबर आहे माझ्याकडे, पैसे त्यावरूनच आले होते."

दार लागलं. आतून पट्टी फाडल्याचा चर्र आवाज आला. कशावर लावली कोण जाणे.

त्यानं फोन केला. केमिस्टचा आधी आला होता, आता ह्याचा. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन माणसांचा एकच निरोप म्हटल्यावर नवऱ्याला तिसरा साक्षीदार लागला नाही. मी ज्येष्ठांसाठीच्या मदतीच्या नंबरवर फोन केला. पलीकडच्या बाईनं विचारलं, नातं काय? मी म्हटलं, त्यांचं यंत्र माझ्याकडे आहे. बोलता बोलता सासूबाईंनी मागून फोन घेतला आणि तिला सांगितलं, "सॉरी हं, आमच्या सुनेला जरा बरं नाही."

आता असं ठरलंय की मी एकटीनं बाहेर जायचं नाही. डॉक्टरांची वेळ घेतलीय. माझ्यासाठी. "काही नाही गं, झोपेसाठी हलकं काहीतरी देतील," सासूबाई म्हणतात. त्यांच्या आवाजात हल्ली माया आलीय, तिची मला जास्त भीती वाटते. "माझ्यासमोर घ्यायची मात्र. विसरशील नाहीतर."

यंत्र ओट्यावर आहे. सकाळी मी दांडा ओढते आणि पुरं माप पडतं, चिमूटभर कमी नाही की जास्त नाही. इतकं चोख दुरुस्त केलंय की त्यात आता काही म्हणजे काही अडकत नाही. परवा गोळीऐवजी ठकीच्या खिमटातला एक दाणा टाकून पाहिला. दांड्याच्या पहिल्याच ओढीत बाहेर आला.

म्हणून तुम्हाला सांगतेय. मला जाता येत नाही, तुम्हाला येईल. तुमच्या रस्त्यावर एखादं बंद दुकान असेल, शटरवर रंग उडालेला कप, कान तेवढा शाबूत. मागच्या बाजूनं जा. बेल वाजणार नाही, तिच्यावर पट्टी आहे, हातानं ठोका. दार उघडणाऱ्याशी भांडू नका, मी ती चूक केलीय. तोही जागून जागून पिसाळलेला माणूस आहे, त्याला बसवा, बोलतं करा. गोळ्यांबद्दल त्याला काही विचारू नका. डॉक्टरांचं नाव तेवढं काढून घ्या आणि त्यांनाच जाऊन सांगा की आधीच्या गोळ्या पोटात गेल्याच नव्हत्या. माझं नाव सांगितलं तर विश्वास ठेवणार नाहीत, सांगू नका.

आणि आजोबांना बघा. लांबून नको, जवळ जा, खुर्चीपाशी वाका. त्यांना म्हणा, तुमचा डोसर दुरुस्त झालाय. उलट्या आट्यांचा नट होता, तरी निघाला. यावर ते तिरकं काहीतरी बोलले, तुम्हाला अक्कल शिकवली, तर ठीक आहे, या परत.

काहीच बोलले नाहीत तर तिथून हलू नका.